एकोणीस नंबरचा झुबक्या

माझ्या कपाटात साड्यांच्या खाली बिस्किटांचा एक चौकोनी पत्र्याचा डबा आहे आणि त्या डब्यावरून आमच्या घरात वर्षातून एकदा तरी वाद होतो. साफसफाई काढली की सून म्हणते, "अम्मी, हे तरी टाकायचं का आता?" मुलगा म्हणतो, "साठी उलटलेली बाई गोळीतली चित्रं जपून ठेवते, लोक काय म्हणतील?" मी म्हणते, लोकांना म्हणावं या बघायला, चहा पाजते. मध्यंतरी एक गृहस्थ पुण्याहून खरंच आले. नातीने डब्यातल्या एका चित्राचा फोटो मोबाईलवरून कुठेतरी टाकला होता, तो बघून ते विचारत विचारत भोरात आमच्या दुकानापर्यंत पोहोचले. जुनी कार्डं जमवणारे, चांगले शिकलेले. पातळ हातमोजे घालून एकेक कार्ड कडेला धरून उचलत होते. विकायची का, म्हणाले. मी विचारलं, चहात साखर किती? त्यांनी पुन्हा विचारलं, मी पुन्हा साखर विचारली. बिचारे चहा पिऊन गेले. घरात सगळ्यांनी मला वेड्यात काढलं. काढू देत. ज्यांनी मला पहिल्यांदा वेड्यात काढलं ते सगळे आता या जगात नाहीत, आणि डबा आहे.

डब्यात आहे झुबक्या. तो नेमका कोणता प्राणी हे मला आजतागायत कळलेलं नाही. अस्वल म्हणावं तर शेपूट लांब, माकड म्हणावं तर पाय बदकाचे. आंब्याच्या कोयीसारखं अंग, डोक्यावर मूठभर उभे केस, पुढे दोन दात आणि कपाळाला कायमची आठी. तो कुणाचं ऐकत नसे, एवढीच त्याची कथा. 'येथे बसू नये' लिहिलेल्या पाटीवरच तो चढून बसलेला. शाळेत सगळी जनावरं कान धरून उभी, आणि हा मास्तरांच्या खुर्चीत झोपलेला. मागच्या बाजूला चित्राचा नंबर आणि 'चोवीस चित्रे जमवा' एवढंच छापलेलं. मला घरात दिवसातून वीस वेळा सांगितलं जायचं की मोठ्यानं हसू नको, पळू नको, दारात उभी राहू नको, सातवी झाली तेवढी शाळा पुरे. या सगळ्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. झुबक्याकडे होतं.

आणि गंमत अशी की झुबक्या माझ्या लहानपणचा नव्हताच. माझा थोरला भाऊ गफूर लहान असताना एक चिकट गुलाबी गोळी मिळायची, तिच्या वेष्टनात हे कार्ड असायचं. मला दात येऊन ती गोळी चघळता येईपर्यंत गोळीवाले धंदा बंद करून गेले होते. म्हणजे मी जमवायला लागले तेव्हाच ती जुनी, कुठेही न मिळणारी वस्तू झाली होती. गफूरची सात कार्डं त्याच्या दप्तरात पडून होती, ती मी पळवली. मागून घेतली असं लिहिलं असतं तर बरं दिसलं असतं, पण पळवलीच. तो तोपर्यंत टेम्पोवर क्लीनर म्हणून जायला लागला होता, त्याला पत्ता लागला तेव्हा तो म्हणाला, "ठेव. तुझं तोंड त्याच्यावानीच हाय."

आम्ही मणेर. बांगड्यांचा धंदा. आमच्या भोरच्या घरात बसायच्या जागेपेक्षा बांगड्यांची जागा जास्त. सकाळी जाग यायची ती काचेच्या आवाजाने. अम्मा माल आला की एकेक बांगडी दुसरीवर हलकेच वाजवून बघायची. चांगली बांगडी टण्णकन बोलते, चीर असलेली बसक्या आवाजात बोलते. शेगडीवर आंबेमोहोराचा भात शिजत असायचा, त्याचा वास, सुक्या बोंबलाच्या चटणीचा वास, आणि त्यावर हे टण टण. अम्मा न बघता, भाताकडे लक्ष ठेवून चिरकी बांगडी बाजूला टाकायची. त्या बाजूला टाकलेल्या बांगड्या माझ्या. त्यांचे तुकडे करून मी डबीत भरायचे. तेव्हा आमच्या भागातल्या सगळ्या पोरी काचापाणी खेळायच्या, जमिनीवर काचांचे तुकडे पसरायचे आणि दुसरा न हलवता एकेक उचलायचा. साध्या घरच्या पोरीला तुकडे मिळणार ते आईच्या हातातली बांगडी वाढेल, म्हणजे फुटेल, तेव्हा. माझ्याकडे मूठ मूठ होते, लाल, जांभळे, सोनेरी रेघ असलेले. त्या तुकड्यांवर मी झुबक्या जमवला. पाच चांगले तुकडे, एक कार्ड.

अब्बा फिरतीवर निघाले की मला बरोबर न्यायचे, कारण गफूर टेम्पोवर जायला लागल्यापासून पेटीची दुसरी कडी धरायला कुणी नव्हतं. भोरहून नसरापूर, तिथून दुसऱ्या एसटीने वेल्हे, आणि पुढे पायी. डोंगरातल्या गावांत जुन्या वस्तू टिकून राहतात. पुण्याला कामाला गेलेल्या कुणीतरी कधीकाळी पोरांसाठी गोळ्या आणलेल्या असायच्या, आणि चित्र आणलं ते कुणी फेकायचं नाही. ते देवळीत चिकटवलेलं, पुस्तकात दाबलेलं, एका घरात तर दुधाच्या किटलीच्या झाकणावर. मी प्रत्येक दारात विचारायचे, "गोळीतलं चित्र हाय का, डोक्यावर झुबका आसलेलं?" अब्बा म्हणायचे, "बांगड्या इकायला आलोय का भीक मागायला?" पण म्हणायचे तेवढंच.

अब्बांबद्दल लिहायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. माझ्यासारखा स्वभाव त्यांचा अजिबात नव्हता. ते घाबरट होते. हे मी प्रेमाने लिहिते आहे, पण होते. कुणी आवाज चढवला की ते मान खाली घालून पेटीतल्या बांगड्या सारख्या करत बसायचे. त्याला कारण होतं. ज्या घरात परका पुरुष उंबऱ्याजवळ उभा राहू शकत नाही, त्या घराच्या ओसरीवर बसून आमचे अब्बा लेकीसुनांचे हात हातात घ्यायचे. अंगठ्याचं हाड आत दाबून, पंजा केळीच्या कोवळ्या पानासारखा गोळा करून बांगडी वर सरकवायचे, आणि या सगळ्या वेळात त्यांची नजर बांगडीवरून वर जायची नाही. काम झालं की बाई, वयाने मोठी असली तरी, मणेराला हात जोडायची. आमचं भांडवल पेटीत नव्हतं, ते या विश्वासात होतं. एका गावात वाईट बोललं गेलं की दहा गावांच्या ओसऱ्या बंद. हे मला चांगलं माहीत होतं. मला माहीत नव्हतं असं मी आजही म्हणणार नाही.

तेरावं वर्ष संपत आलं तेव्हा माझ्याकडे तेवीस झुबके झाले होते. एकोणीस नंबर नव्हता. त्यात काय चित्र आहे हे कुणालाच सांगता येईना. मी झोपेत एकोणीस एकोणीस बडबडते असं अम्माने अब्बांना सांगितलं, आणि माझ्यासाठी स्थळं बघायचं बोलणं सुरू झालं. लग्न झालं की ही खुळं जातात, असं अम्मा म्हणाली. मी ठरवलं, त्याआधी चोवीस पूर्ण करायचे. सासरी अर्धवट डबा घेऊन जायचं नाही.

दिवाळीनंतरची फिरती होती. भातं कापून झाली होती, खळ्यावर झोडणी चालू होती. वेल्ह्याच्या पुढे पासली गावाच्या वर एक वाडी आहे, तिचं नाव मी लिहीत नाही, कारण तिथल्या नाती-पणती आता माझ्याच दुकानात बांगड्या भरायला येतात आणि त्यांचा काही दोष नाही. वाडीत आम्हाला कानतुटक्या कपात चहा मिळायचा, तो कप गोठ्याच्या भिंतीला वेगळा ठेवलेला असायचा. अब्बांना त्याचं काही वाटत नसे, निदान ते तसं दाखवत. मी चहा प्यायचे नाही, पोट दुखतंय म्हणून सांगायचे. इतकी वर्षं एकाच वाडीत गेल्यावर दर वेळी माझंच पोट कसं दुखतं हे कुणी विचारलं नाही. दुपारी जेवून अब्बा एका ओसरीवर आडवे झाले. झोडणीचा धप् धप् आवाज येत होता. मी पेटीशेजारी बसून कंटाळले आणि घरांच्या मागच्या बाजूने विचारत निघाले.

शेवटच्या घराच्या परड्यात यमुना सुपाने तांदूळ पाखडत होती. पंचविशीची असेल. कपाळ मोकळं, हात मोकळे. दोन वर्षांपूर्वी तिचा नवरा पुण्याला हमाली करताना ट्रकखाली गेला, हे मी ओसरीवर ऐकलं होतं. तिच्या घराशी अब्बा पेटी उघडत नसत, पुढे निघून जायचे. मी तिला माझा नेहमीचा प्रश्न विचारला. तिने सूप खाली ठेवलं.

"दोन दात फुडं? आन कपाळाला आठी?"

मी जोरजोरात मान हलवली. ती आत गेली, तिने पत्र्याची पेटी ओढून दारात आणली, झाकण उघडलं. झाकणाच्या आतल्या बाजूला, कोपऱ्यात, भाताच्या शितांनी चिकटवलेला झुबक्या. न्हाव्याच्या खुर्चीत बसलाय, कात्री मोडून पडलीय, न्हावी डोक्याला हात लावून रडतोय, आणि ह्याच्या डोक्यावरचा झुबका आहे तसाच. मागचा नंबर दिसत नव्हता, पण उरलेले तेवीस मला पाठ होते. हाच तो.

मी डबी उघडून सगळेच्या सगळे तुकडे तिच्यासमोर ओतले. ती हसली. "तुकडं घिऊन म्या काय करू? माज्या नवऱ्यानं आनलंय हे. लगीन झालं त्या वर्साला. गोळी मला दिली आन म्हनला, ह्ये बग, आक्षी तुज्यावानी." थोडा वेळ ती त्या चित्राकडे बघत राहिली. मग तिने माझ्याकडे बघितलं, आणि जे बोलली ते अगदी हळू, पण न अडखळता बोलली. "आक्खी बांगडी भरशील का? दोन्ही हातांत?"

मी लहान होते, पण मणेराची पोर होते. काय मागितलं गेलंय ते मला पुरतं कळलं. नवरा गेलेल्या बाईच्या हातात काच भरायची नाही, हे आम्हाला कुणी वेगळं शिकवावं लागत नाही. मी म्हटलं, "हिरव्या आनू?"

"हिरव्या नगं. हिरव्या त्येच्या नावाच्या व्हत्या, त्या गेल्या. मला निळ्या आन. माज्यासाटी."

आता लोक हे ऐकतात आणि मला म्हणतात की त्या वयात केवढं धाडस, केवढी समज. दुकानात एकदा कॉलेजच्या मुली आल्या होत्या, त्यांना तर यावर भाषण हवं होतं. मी त्यांना खरं सांगितलं, इथेही तेच सांगते. मला समज वगैरे काही नव्हती. मला कार्ड हवं होतं. पण एक गोष्ट मला तिथे उभ्या उभ्या दिसली. ही बाई माझ्यासारखी होती. तिलाही एक गोष्ट हवी होती, आणि ती का हवी हे ती कुणाला सांगत बसणार नव्हती. मी पळत गेले. अब्बा घोरत होते. मी माप न बघता पेटीतून डझनभर निळ्या काढल्या, ओढणीत गुंडाळल्या आणि परत पळत आले.

मी तोपर्यंत फक्त बघितलं होतं, कधी भरल्या नव्हत्या. यमुनेचा हात कामाने कडक झालेला, हाडं वर आलेली. मी अंगठा आत दाबला, ती डोळे मिटून बसली. एकही बांगडी वाढली नाही. सहा एका हातात, सहा दुसऱ्या. संपल्यावर तिने दोन्ही हात कानाशी नेऊन हलवले. मग तिने मला, तेरा वर्षांच्या पोरीला, रीतसर हात जोडले. मला एकदम रडायला आलं आणि का ते समजलं नाही. तिने चित्राच्या कडेने पाण्याचं बोट फिरवलं, नखाने अलगद सोडवलं आणि माझ्या हातावर ठेवलं. मागे एकोणीस.

चूक माझी इथे झाली. मला वाटलं होतं, ती बांगड्या लपवील. हातांवर पदर ओढील, नाहीतर आमची पाठ वळेपर्यंत तरी आत बसेल. तिने हंडा उचलला आणि खळ्यावरून, सगळ्या वाडीच्या समोरून पाण्याला गेली.

झोडणीचा आवाज थांबला. मला अजून तो थांबलेला आवाज आठवतो. अब्बा उठून बसले. थोड्याच वेळात ओसरीसमोर माणसं जमली, पुढे यमुनेचे सासरे. त्यांना सगळे तात्या म्हणायचे. त्यांच्या मागे यमुना, डोक्यावर हंडा तसाच, निळे हात हंड्याला लावलेले. तात्या ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"मणेरभाई, तुमच्या पोरीनं चित्र घिऊन माज्या सुनंला बांगड्या भरल्यात, ती सोता म्हनली. इतकी वर्सं तुमाला घरात घेतलं. ह्येच्यासाटी?"

अब्बांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, व्हय. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला.

"पोरगी न्हानी हाय," तात्या म्हणाले. "म्या वाडवत न्हाई. तुमच्या हातानं उतरवा, पोरीनं चित्र माघारी द्यावं, आन इशय संपला. न्हायतर ह्या वाडीत पाय टाकू नका. आन ही गोष्ट खाली पासलीपतुर जाईल, वेल्ह्यापतुर जाईल, एवढं ध्यानात ठिवा."

"चित्र न्हाई देनार," मी म्हटलं. कुणी मला विचारलं नव्हतं. "सौदा झालाय. तिनं दिलं, म्या घेतलं."

"नसीम, गप," अब्बा म्हणाले.

"न्हाई देनार."

मला वाटलं आता अब्बा कार्ड माझ्या हातून ओढून घेणार. ते घेतील असं सगळ्या वाडीला वाटलं. त्यांनी मान खाली घातली आणि पेटीतल्या बांगड्या सारख्या करायला लागले. लाल लालमध्ये, पिवळ्या पिवळ्यांमध्ये. हे बराच वेळ चाललं. मी आतून जळत होते. मला त्या क्षणी माझ्या बापाची लाज वाटली, आणि ती वाटली याची लाज मला पुढे जन्मभर वाटत आली आहे. कारण मग त्यांनी मान वर केली. तात्यांकडे बघितलं नाही. बाईच्या चेहऱ्याकडे कधी न बघणारे आमचे अब्बा, त्यांनी सरळ यमुनेकडे बघितलं.

"बाई, उतरवू का?"

"न्हाई," यमुना म्हणाली.

"मग मला न्हाई उतरवता यायच्या, तात्या," अब्बा म्हणाले. त्यांचा आवाज थरथरत होता, अगदी सगळ्यांना ऐकू येईल इतका. "आमच्या धंद्याची रीत हाय. भरलेली बांगडी बाईनं सांगितल्याबिगर मणेर उतरवत न्हाई. माज्या बापानं उतरवली न्हाई, म्या उतरवनार न्हाई." त्यांनी पेटीचं झाकण लावलं, कडी घातली आणि मला म्हणाले, "धर दुसरी बाजू."

ही रीत खरोखरची होती की नाही, हे मला कधीच कळलं नाही. नंतर मी आमच्यातल्या जुन्या लोकांना विचारलं, कुणी हो म्हणालं, कुणी नाही. मी मात्र ती आजवर पाळली आहे, आणि माझ्या दुकानात बांगड्या भरायला बसणाऱ्या बाईला तुझा नवरा आहे का, हे मी कधी विचारलं नाही. तात्यांनी म्हटलं तसं केलंच. त्या मोसमात वरच्या सगळ्या ओसऱ्या आम्हाला बंद झाल्या आणि अब्बा पुन्हा कधी पासलीच्या वर गेले नाहीत. यमुना महिनाभरात आमच्या भोरजवळ उत्रोलीला माहेरी निघून आली. भाताच्या वाफ्यात वाकलेले तिचे हात मी पुढे खूपदा पाहिले, कधी निळे, कधी तांबडे. सासरच्या घरातून निघताना तिला काय काय ऐकून घ्यावं लागलं, ते तिने मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मला पश्चात्ताप होतो का? अब्बांच्या पायांसाठी होतो. त्यानंतर त्यांना तेवढाच माल विकायला दुप्पट चालावं लागलं. बाकी कशाचाही होत नाही.

त्या दुपारी आम्ही पेटी मध्ये धरून उतार उतरत होतो. मी दोनदा माफी मागायला तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं, कारण मला खोटं बोलायचं नव्हतं. अर्ध्या उतारावर त्यांनी पेटी खाली ठेवली, दगडावर बसले आणि हात पुढे केला. मी कार्ड दिलं. मनात म्हटलं, फाडतील. त्यांनी ते डोळ्यांजवळ नेऊन बघितलं. मोडलेली कात्री बघितली, रडणारा न्हावी बघितला, उलटून मागचा नंबर बघितला.

"ह्येच्यासाटी गाव घालवलंस."

"व्हय."

त्यांनी कार्ड मला परत दिलं आणि ते मी ओढणीच्या गाठीत नीट बांधेपर्यंत थांबले. मग उठले, पेटीची कडी धरली आणि चार पावलं गेल्यावर पुढे बघतच म्हणाले, "अडीचच्या मापाच्या भरल्यास तिला. हाताला सैल व्हत्यात. फुडल्या येळंला सव्वादोनच्या भर."